‘ही गन अमक्या प्रोची होती’: गेममधल्या वस्तूंचा इतिहास तपासून खरेदी कशी करायची

काउंटर-स्ट्राइक या नेमबाजीच्या गेममधला एके-४७ चा एक स्किन, म्हणजे बंदुकीचं फक्त रंगरूप बदलणारं आवरण, चार हजार रुपयांना मिळतोय. शेजारीच तसाच दुसरा नऊ हजारांना लावलाय, कारण विकणारा म्हणतो की तो एका नावाजलेल्या व्यावसायिक खेळाडूच्या, म्हणजे ‘प्रो’च्या, इन्व्हेंटरीतून (गेममधल्या वस्तूंच्या साठ्यातून) आलाय. दोन्ही बंदुका सारख्याच दिसतात आणि गोळ्याही सारख्याच झाडतात. वरचे पाच हजार आपण फक्त इतिहासाचे मोजतो. मग त्या इतिहासाचा कागद आधी बघायला नको? सातबारा आणि फेरफार न बघता कुणी जमीन घेत नाही. इथे मात्र डिस्कॉर्डवरच्या एका वाक्यावर लोक यूपीआय करून मोकळे होतात.

हा लेख त्या कागदाबद्दल आहे: तो कुठे सापडतो, कसा वाचायचा आणि तो नसेल तर किती पैसे द्यायचे.

आधी गेम निवडा

असा संग्रह प्रत्येक गेममध्ये करता येत नाही. त्यासाठी दोन गोष्टी लागतात. वस्तू एका खात्यातून दुसऱ्या खात्यात अधिकृतपणे जाता आली पाहिजे, आणि प्रत्येक वस्तूची स्वतःची वेगळी ओळख असली पाहिजे.

आपल्याकडे खूप खेळली जाणारी बीजीएमआय इथेच बाद होते. तिथले स्किन खात्याला चिकटलेले असतात. व्हॅलोरंटचंही तेच. ‘अमक्या स्ट्रीमरची जुनी आयडी विकणे आहे’ अशा जाहिराती टेलिग्रामवर ढिगाने दिसतात, पण खाती विकणं नियमात बसत नाही. शिवाय मूळ मालक ईमेल किंवा फोन नंबरच्या जोरावर खातं परत खेचू शकतो. त्या वाटेला जाऊच नका.

दुसरी अट किती महत्त्वाची आहे हे रुनस्केपच्या एका जुन्या किश्श्यावरून कळतं. जून २००६ मध्ये ड्युरियल३२१ नावाच्या खेळाडूला एका बगमुळे फॅलाडोर शहरात, जिथे मारामारीला परवानगीच नव्हती, इतरांना मारता यायला लागलं. त्या गोंधळात एकाची हिरवी पार्टीहॅट गेली. ऑनलाइन गेमच्या इतिहासातला हा गाजलेला प्रसंग आहे, तेव्हा ती टोपी कुठल्याही संग्राहकाला हवीहवीशी वाटेल. पण रुनस्केपमधली एक हिरवी पार्टीहॅट दुसरीपासून वेगळी ओळखण्याची खेळाडूंकडे काहीच सोय नाही. उद्या कुणी ‘हीच ती’ म्हणाला, तर ते खरंही ठरवता येत नाही आणि खोटंही.

म्हणून खरा संग्रह होतो तो व्हॉल्व्ह कंपनीच्या गेममध्ये, म्हणजे काउंटर-स्ट्राइक २, टीम फोर्ट्रेस २ आणि थोड्या प्रमाणात डोटा २ मध्ये. पहिल्या दोन गेमबद्दल इथे सविस्तर सांगतो.

‘त्याची होती’ म्हणजे नेमकं काय?

पैसे देण्याआधी विकणाऱ्याला हा प्रश्न विचारा. उत्तर चारपैकी एक असतं आणि चारही उत्तरांची किंमत वेगवेगळी असते.

एक, वस्तूवर त्या खेळाडूची सही आहे. काउंटर-स्ट्राइकमध्ये खेळाडूंच्या सह्यांचे स्टिकर २०१५ च्या ईएसएल वन कोलोन स्पर्धेपासून आले. ते कुणीही विकत घेऊन कुठल्याही बंदुकीवर चिकटवू शकतो. सूव्हेनिर बंदुकांवरच्या सोनेरी सह्या थोड्या वेगळ्या. मेजर या सगळ्यात मोठ्या स्पर्धेचा सामना बघणाऱ्यांना सूव्हेनिर पॅकेज मिळायचं, आणि त्यातल्या बंदुकीवर स्पर्धा, दोन्ही संघ आणि एका खेळाडूची सही आधीच लावलेली असायची. २०१८ च्या सुरुवातीला अशी एक ड्रॅगन लोर स्किनची एडब्ल्यूपी (स्नायपर बंदूक) ६१ हजार डॉलरच्या वर विकली गेली. तिच्यावर क्लाउड९ संघाच्या स्काडूडलची सही होती, आणि क्लाउड९ ने नुकतंच बॉस्टन मेजर जिंकलं होतं. एवढी मोठी रक्कम मोजली गेली, पण सही असली म्हणून ती बंदूक स्काडूडलच्या खात्यात होती असं होत नाही. सूव्हेनिर पॅकेज प्रेक्षकांना मिळायचं. बातमी वाचून ‘प्रोची बंदूक’ असा समज करून घेणारे लोक आजही भेटतात.

दोन, खेळाडूने ती सामन्यात वापरली, पण ती उसनी होती. हे वाटतं त्यापेक्षा कितीतरी जास्त चालतं. मोठे संग्राहक आणि ट्रेडर मेजरच्या आधी प्रोंना महागडे चाकू-बंदुका वापरायला देतात आणि स्पर्धा संपली की परत घेतात. त्या बंदुकीने फायनल खेळलेली असू शकते, म्हणून मला या प्रकारात काही कमीपणा वाटत नाही. फक्त विकणाऱ्याने ते उघड सांगायला हवं.

तीन, ती खरोखर त्याच्या खात्यात होती पण त्याने ती कधी वापरली नाही. केसमधून (गेममधल्या बंद पेटीतून) निघाली आणि दुसऱ्या आठवड्यात विकली. कागद पक्का असतो, पण सांगण्यासारखं काही नसतं.

चार, त्याच्या मालकीची होती आणि त्याने ती सामन्यात वापरली. खरा संग्रह याचाच.

वस्तूचे ठसे घ्या

काउंटर-स्ट्राइकमधल्या प्रत्येक स्किनला एक फ्लोट असतो: ० ते १ च्या मधला, पुष्कळ दशांश स्थळांचा आकडा. ०.०७ च्या खाली असेल तर फॅक्टरी न्यू, ०.१५ पर्यंत मिनिमल वेअर, ०.३८ पर्यंत फील्ड-टेस्टेड, ०.४५ पर्यंत वेल-वॉर्न आणि त्यापुढे बॅटल-स्कार्ड. नवीन लोकांना वाटतं की खेळून खेळून बंदूक झिजते. तसं होत नाही. स्किन जन्माला येतो तेव्हाच फ्लोट ठरतो आणि शेवटपर्यंत तोच राहतो. त्याच्याच जोडीला पॅटर्नचा क्रमांक असतो. केस हार्डन्डसारख्या स्किनवर निळा रंग कुठे आणि किती दिसेल, ते या क्रमांकावर ठरतं.

वस्तूचा आयडी मात्र प्रत्येक ट्रेडला बदलतो. त्यामुळे दोन वर्षांपूर्वीच्या स्क्रीनशॉटमधला आयडी आज जुळला नाही म्हणून दचकू नका. पूर्ण फ्लोट आणि पॅटर्न हे दोन्ही जुळले तर वस्तू तीच, असं समजायला हरकत नाही. विकणारा ‘फ्लोट ०.१६ आहे’ एवढंच सांगत असेल तर पूर्ण आकडा मागा. दोन दशांशांचे तर हजारो सापडतील.

तिसरा ठसा स्टिकरचा. कुठल्या जागी कुठला स्टिकर आहे, आणि तो किती खरवडलेला आहे? स्टिकर काढून दुसरीकडे लावता येत नाही, फक्त खरवडता येतो. त्यामुळे एका कोपऱ्यात पुसट झालेला स्टिकर हा ओळखीचा फार चांगला पुरावा असतो. जुन्या सामन्याचा व्हिडिओ थांबवून बघा. खेळाडू बंदूक न्याहाळतो त्या दीड-दोन सेकंदांत स्टिकरची रांग स्वच्छ दिसते.

आता जे पुरावे म्हणून दाखवले जातात पण पुरावे नसतात, त्यांच्याकडे वळू. नेम टॅग हा त्यातला पहिला. खेळाडूचं टोपणनाव किंवा त्याचं आवडतं वाक्य बंदुकीवर लिहिलेलं असलं तर त्याला काही अर्थ नाही, कारण दीडशे-दोनशे रुपयांचा नेम टॅग घेऊन ते कुणीही लिहू शकतं. दुसरा स्टॅटट्रॅकचा आकडा, म्हणजे त्या बंदुकीने किती जणांना मारलं हे मोजणारा तिच्यावरचा काउंटर. ‘यावरच्या किल अमक्या प्रोच्या आहेत’ असं कुणी म्हटलं तर हसून सोडून द्या. स्टॅटट्रॅक वस्तू दुसऱ्याच्या खात्यात गेली की आकडा पुन्हा शून्य होतो. त्यामुळे त्या प्रोने मारलेले किल तुमच्यापर्यंत येणं शक्यच नाही, आणि दिसतोय तो आकडा सध्याच्या मालकाचा आहे.

मालकांची साखळी शोधा

ठसे हातात आले की सीएसफ्लोटच्या डेटाबेसमध्ये शोध घ्या. कुणीतरी तपासलेल्या स्किनचा फ्लोट, पॅटर्न आणि तेव्हा तो कुणाच्या खात्यात होता याच्या नोंदी तिथे असतात. यात भोकं असतात हे गृहीतच धरा. इन्व्हेंटरी खासगी असेल किंवा वस्तू स्टोरेज युनिटमध्ये (गेममधल्या साठवणीच्या पेटीत) ठेवलेली असेल तर तेवढा काळ ती दिसतच नाही. बरेच प्रो इन्व्हेंटरी बंदच ठेवतात, तेव्हा साखळीत सहा महिन्यांची फट दिसली म्हणून लगेच फसवणूक समजू नका. पण ज्या काळात वस्तू ‘त्याच्याकडे होती’ असा दावा आहे, नेमक्या त्याच काळात ती भलत्याच खात्यात दिसत असेल तर विषय तिथेच संपला.

पुढचं काम जास्त चिकाटीचं: नोंदीतलं खातं खरोखर त्या खेळाडूचंच आहे का? स्टीमवरचं (व्हॉल्व्हच्या गेमचं खातं इथेच असतं) नाव, फोटो आणि प्रोफाइलचा सानुकूल पत्ता या तिन्ही गोष्टी कुणालाही बदलता येतात. न बदलणारी गोष्ट एकच, १७ अंकी स्टीम आयडी, जो ७६५६११९ ने सुरू होतो. त्या खेळाडूच्या फेसइट (सामने खेळायची साइट) प्रोफाइलला कुठलं स्टीम खातं जोडलंय ते बघा, त्याने स्वतःच्या अधिकृत चॅनेलवर दिलेली लिंक बघा, आणि दोन्हीकडचा आयडी जुळतो का ते ताडून पाहा. एका ठिकाणी जुळणं पुरेसं मानू नका. कित्येकांची दोन-तीन खाती असतात, आणि दुय्यम खात्यातल्या वस्तूला मी निम्मंच वजन देतो.

सामन्यात वापरल्याचा दावा असेल तर डेमो फाइल (सामन्याचं पुन्हा चालवता येणारं रेकॉर्डिंग) उतरवा. एचएलटीव्ही या काउंटर-स्ट्राइकच्या साइटवर मोठ्या सामन्यांचे डेमो मिळतात आणि गेममध्येच चालवता येतात. त्या खेळाडूच्या नजरेतून बघा, बंदूक जमिनीवर पडते तेव्हा थांबवा आणि स्टिकर मोजा. एक सापळा लक्षात ठेवा: खेळाडूच्या हातातली बंदूक त्याच्या सहकाऱ्याने विकत घेऊन दिलेली असू शकते, आणि मग तिच्यावरचा स्किन सहकाऱ्याचा असतो. गाजलेल्या राउंडच्या क्लिपमध्ये हे फार होतं. म्हणून एकाच राउंडवर न जाता सबंध मॅप बघा.

टीम फोर्ट्रेस २ चा वेगळा मामला

इतिहास शोधायचा म्हटलं तर हा जुना गेम काउंटर-स्ट्राइकपेक्षा सोयीचा आहे, असं माझं मत. इथेही ट्रेड झाला की वस्तूचा आयडी बदलतो, पण मूळ आयडी वेगळा जपून ठेवलेला असतो. बॅकपॅक डॉट टीएफवर त्या मूळ आयडीच्या आधारे वस्तूचा इतिहास बघता येतो: कुठल्या खात्यात कधी दिसली, पुढे कुणाकडे गेली.

काही खुणा तर वस्तूवरच असतात. गिफ्ट रॅपमधून दिलेल्या वस्तूवर कुणाकडून भेट मिळाली ते लिहून येतं, आणि ते देणाऱ्याच्या खात्याशी जोडलेलं असतं. क्राफ्ट केलेल्या टोप्यांवर बनवणाऱ्याचं नाव आणि पहिल्या शंभरातली असेल तर क्रमांकही दिसतो. एखाद्या नामवंत खेळाडूने स्वतः बनवलेली, कमी क्रमांकाची टोपी ही माझ्या मते या सगळ्या क्षेत्रातली सगळ्यात प्रामाणिक चीज आहे. तिच्याबद्दल कुणाच्या शब्दावर विसंबावं लागत नाही.

आता यातली गुंतागुंत. पूर्वी कुणाची वस्तू ठकवून नेली आणि त्याने तक्रार केली, तर स्टीम सपोर्ट त्याला तशीच वस्तू नव्याने देत असे. दरम्यान मूळ वस्तू दोन-चार हातांतून पुढे गेलेली असायची, ती तशीच राहायची. यामुळे एकाच मूळ आयडीच्या दोन किंवा त्याहून जास्त वस्तू तयार झाल्या. ट्रेडर त्यांना ‘ड्यूप्ड’ म्हणतात आणि इतिहासाच्या पानावर तशी खूण दिसते. आता समजा, एका प्रसिद्ध खेळाडूची अनयुज्वल (खास इफेक्टची दुर्मिळ) टोपी अशी ड्यूप झालेली आहे. चोरापासून पुढे गेलेली ती खरी, की सपोर्टने त्याला परत दिलेली ती? मी दुसरी निवडेन, कारण त्याने पुढे खेळताना डोक्यावर घातली ती तीच. पण याच्या उलट मत असलेले जाणकारही आहेत, आणि त्यांचा मुद्दाही चुकीचा नाही. विकत घेताना ड्यूप्डची खूण आहे का, एवढं मात्र आधी बघाच. बाजारात अशी टोपी कमी भावाने जाते.

भाव ठरवताना

आधी इतिहास बाजूला ठेवा आणि नुसत्या वस्तूचा भाव काढा: तोच स्किन, तोच दर्जा, साधारण तोच फ्लोट. मग पॅटर्नचं जे काही विशेष मूल्य असेल ते धरा. मग स्टिकर. बंदुकीवर लागलेल्या स्टिकरची किंमत सुट्या स्टिकरइतकी कधीच धरू नका. तिचा एक छोटा हिस्साच मिळतो, आणि खरवडलेला असेल तर आणखी कमी. ही बेरीज म्हणजे तळाचा भाव. उद्या इतिहासाची कुणालाच पर्वा राहिली नाही तरी साधारण इतके पैसे निघतील.

त्यावरची रक्कम शुद्ध हौसेची. ती किती असावी याचा ठरलेला दर नाही. मी स्वतः साखळीत एकही कच्चा दुवा असेल तर काहीच जास्त देत नाही, आणि साखळी पक्की असून वापर डेमोत दिसत असेल तर मोकळ्या हाताने देतो. मधल्या प्रकरणांत घासाघीस करा. विकणाऱ्याकडे दुसरं गिऱ्हाईक नसतं हे त्यालाही ठाऊक असतं.

तळाचा भाव स्थिर असतो असंही समजू नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये व्हॉल्व्हने एका अपडेटमध्ये पाच लाल, म्हणजे वरच्या दर्जाचे स्किन देऊन चाकू किंवा ग्लोव्ह मिळवायची सोय केली, आणि चाकूंचे भाव रातोरात कोसळले. लाल स्किन उलट वधारले. अशा अदलाबदलीत टाकलेला स्किन कायमचा नष्ट होतो. तेव्हा तुम्ही शोधत असलेली बंदूक डेटाबेसमध्ये अचानक कुठेच दिसेनाशी झाली असेल, तर ही शक्यताही धरून चला.

व्यवहार

स्टीमच्या स्वतःच्या बाजारात काउंटर-स्ट्राइकच्या विक्रीवर १५ टक्के कटतात, एका वस्तूच्या किमतीला मर्यादा आहे आणि वॉलेटमधले पैसे बँकेत काढता येत नाहीत. त्यामुळे इतिहासाच्या वस्तू बहुतेक बाहेरच्या बाजारात किंवा थेट ट्रेडने विकल्या जातात. पैसे मध्ये अडवून ठेवणारी जुनी, नावाजलेली बाजारसाइट असेल तर तिचं कमिशन खुशाल द्या.

मोबाइल ऑथेंटिकेटर (फोनवरून ट्रेडला मंजुरी द्यायची सोय) लावलेला नसेल तर ट्रेड १५ दिवस अडकून राहतो, तेव्हा तो आधीच लावून घ्या. काउंटर-स्ट्राइकच्या वस्तू आल्यावर सात दिवस पुढे देता येत नाहीत. जुलै २०२५ पासून त्यात ट्रेड प्रोटेक्शनची भर पडली आहे: या सात दिवसांत ट्रेड उलटवता येतो. फसलेल्या माणसासाठी ही सोय आहे, पण बदमाश विकणारा तुमचे पैसे घेऊन ट्रेड उलटवू शकतो हेही खरंच. उलटवणाऱ्याचे त्या काळातले सगळे संरक्षित ट्रेड मागे जातात आणि त्याच्या खात्यावर ३० दिवस बंधनं येतात, पण चोराला त्याचं काय? अनोळखी माणसाशी थेट व्यवहार असेल तर सगळी रक्कम सात दिवसांनंतरच द्या. तो तयार होत नसेल तर सोडून द्या.

फसवणुकीच्या तऱ्हा अनेक आहेत, पण या क्षेत्रात एक विशेष चालते. प्रोच्या नावाचं, त्याच्याच फोटोचं खातं तुम्हाला मेसेज करतं: ‘ऐकलं, माझी जुनी एडब्ल्यूपी शोधतोयस?’ संग्राहकाची छाती फुगते आणि अक्कल गहाण पडते. इथे १७ अंकी आयडी बघणं, एवढंच करायचं असतं.

दुसरी तऱ्हा एपीआय कीची. बनावट साइटवर स्टीमने लॉगिन केलं की तुमच्या खात्यात गुपचूप एक की (खात्यावर बाहेरून काम करू देणारा संकेत) नोंदवली जाते. पुढे खरा ट्रेड पाठवला की तो रद्द होतो आणि क्षणात हुबेहूब तशाच नावा-फोटोच्या दुसऱ्या खात्याकडे नवा ट्रेड तयार होतो. फोनवर मंजुरी देताना समोरच्याची स्टीम लेव्हल आणि खातं कधीचं आहे ती तारीख वाचा. दहा वर्षं जुनं खातं असलेल्या माणसाशी बोलत होतात आणि पडद्यावर गेल्या महिन्यातलं खातं दिसतंय? नाकारा, पासवर्ड बदला आणि स्टीमच्या एपीआय कीच्या पानावर तुम्ही न बनवलेली की असेल तर ती काढून टाका. यूपीआयने पैसे गेलेच असतील तर वेळ न दवडता १९३० वर तक्रार नोंदवा.

बड्या संग्राहकांनाही हे चुकलेलं नाही. जून २०२२ मध्ये एका खात्यातून सुमारे २० लाख डॉलरचा संग्रह चोरीला गेल्याची बातमी गाजली होती.

स्किन लावून जुगार खेळायच्या साइट्सपासून लांब राहा, कितीही मोठा यूट्यूबर जाहिरात करो. अशीच एक साइट जिंकल्याचे व्हिडिओ टाकणाऱ्या दोन यूट्यूबरांच्या स्वतःच्याच मालकीची निघाली, आणि २०१७ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्यांच्यावर कारवाई केली. आपल्याकडे २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदीच आहे.

हाती आल्यावर

नेम टॅग काढू नका, स्टिकर खरवडू नका, नवा स्टिकर लावू नका. त्याच दिवशी एक फोल्डर बनवा: पूर्ण फ्लोट आणि पॅटर्न, इन्स्पेक्टचे सगळ्या बाजूंचे स्क्रीनशॉट, डेटाबेसमधल्या मालकांच्या नोंदीचं तारखेसह पान, डेमोचं नाव आणि राउंड, विकणाऱ्याशी झालेलं बोलणं आणि स्टीमच्या ट्रेड हिस्ट्रीतली नोंद. साइट्स बंद पडतात, खेळाडू खाती बदलतात, आणि आज चुटकीसरशी सापडणारी नोंद पाच वर्षांनी कुठेच नसते. हा फोल्डर नसेल तर पुढचा गिऱ्हाईक तुम्हाला तळाचाच भाव देईल, आणि त्याचं बरोबरच असेल.

स्टोरेज युनिटमध्ये हजार वस्तू मावतात, पण तिथे ठेवलेली वस्तू जगाला दिसत नाही. साखळी सलग दिसावी असं वाटत असेल तर खास वस्तू बाहेर, उघड्या इन्व्हेंटरीत ठेवा. चोरांच्याही नजरेत येते हे खरं. म्हणून त्या खात्याने इतर कुठल्याही साइटवर लॉगिन करू नका.

स्टीमच्या करारानुसार या वस्तू वापरण्याचा आपल्याला फक्त परवाना असतो. व्हॉल्व्हने खातं बंद केलं तर संग्रह जातो, आणि स्टीमचं खातं मृत्युपत्राने कुणाच्या नावे करता येत नाही. घरातल्या कुणाला हा संग्रह द्यायचा असेल तर हयातीतच त्यांच्या खात्यावर ट्रेड करा, आणि सोबत तो फोल्डरही द्या. विकून नफा झाला तर त्यावर कर लागणार नाही असं गृहीत धरू नका. खरेदीची पावती आणि तारीख जपा आणि सीएला आधी विचारा, कारण परदेशी साइटवरून डॉलरमध्ये आलेल्या पैशाचा हिशेब वर्षअखेरीस आठवून लावता येत नाही.